मोटारीचे जोते : कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचा वृत्तांत

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला, आणि कापसाचा व्यापार व सावकारी हा घरचा पिढीजात व्यवसाय बाजूला ठेवून ज्या पहिल्या मोठ्या उद्योगात त्यांनी हात घातला तो उद्योगही याच मुलखातला, बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचा होता. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीकडे वळलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक आणि घरच्या पेढीवर मन न रमलेला हा तरुण यांची भागीदारी त्या कामातून उभी राहिली, आणि पुढे बोरघाटातील बोगदे, सिंदिया कंपनीची जहाजे, विशाखापट्टणची गोदी, बंगळूरचा विमानांचा कारखाना व शेवटी कुर्ल्याचा मोटारींचा कारखाना अशी जी कर्तृत्वपरंपरा महाराष्ट्राने पाहिली, तिचा आरंभ त्या अरुंद रुळांपाशी झाला. या स्मरणिकेत त्या परंपरेतील एकाच संस्थेचा, म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा, इतिहास सांगावयाचा आहे; परंतु तो सनावळीच्या क्रमाने सांगून भागणार नाही. एका विशिष्ट प्रश्नाच्या उजेडात तो पाहिला तरच त्याचा अर्थ लागतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आपल्या बार्शीच्या गाडीतच सापडते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी गाव असा अडीच फूट रुंदीचा जो लोहमार्ग सुरू केला, त्याची कीर्ती अभियंत्यांच्या वर्तुळात पसरली ती त्याच्या अरुंदपणामुळे नव्हे. कोणत्याही वाहनाचा भार एका आसावर पाच टनांहून अधिक पडता कामा नये असा दंडक त्याने प्रथम ठरविला, आणि मग उघडा डबा असो, बंद डबा असो की आणखी कोणता, मालाचे सारे डबे पंचवीस फूट लांब व सात फूट रुंद अशा एकाच मापाच्या, दाबीव पोलादाच्या तळचौकटीवर बांधण्याची व्यवस्था केली. वर काय उभारावयाचे ते मालावर अवलंबून राहील, परंतु खालचे माप एक. चाके, आस, कमानी, जोडसाखळ्या या साऱ्यांचे सुटे भाग एक. दुरुस्तीचे शास्त्रही एक. आपल्याकडे घर बांधताना आधी जोते घालतात, आणि त्या जोत्याच्या मापाने वरच्या भिंती, खण आणि ओसरी ठरतात. कॅलथ्रॉपने आगगाडीच्या बाबतीत हेच केले होते. मोटारधंद्यात यालाच प्लॅटफॉर्म म्हणतात. मी या लेखात त्याला जोतेच म्हणणार आहे, आणि कारखाना मोटारी किती बांधतो याहून त्या कोणाच्या जोत्यावर बांधतो या प्रश्नाला अधिक महत्त्व देणार आहे.

हा प्रश्न पहिल्या प्रथम पूर्ण शिस्तीने सोडविला तो अमेरिकेत. जनरल मोटर्स या कंपनीच्या छत्राखाली शेव्हरोले, पाँटिअक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि कॅडिलॅक अशी पाच स्वतंत्र घराणी नांदत होती. प्रत्येकाचे अधिकारी निराळे, कारखाने निराळे, अभिमान निराळे. प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक प्रयोजनाला साजेशी मोटार काढावयाची हे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांचे धोरण प्रसिद्धच आहे. परंतु पाच घराण्यांनी पाच निराळे सांगाडे, पाच निराळे साचे आणि पत्रा दाबण्याचे पाच निराळे संच बाळगावयाचे म्हटले तर ते धोरण दिवाळखोरीकडे गेले असते. १९२६ साली पूर्णपणे कंपनीच्या मालकीत आलेल्या फिशर बॉडी या कारखान्याकडे या पाचही घराण्यांच्या मोटारींचे वरचे अंग बनविण्याचे काम होते, आणि तेथे एक जाबता तयार झाला. त्यात अंगांना नावे नव्हती, अक्षरे होती. ए हे अक्षर शेव्हरोले व पाँटिअक यांच्या साध्या मोटारींच्या अंगाला, बी हे ओल्ड्समोबिल व ब्युइक यांच्या मधल्या प्रतीच्या अंगाला, सी हे मोठ्या ब्युइक व कॅडिलॅक यांना, आणि डी हे अक्षर कॅडिलॅकच्या लांबलचक, सात माणसांच्या बैठकीच्या दरबारी मोटारींना. विक्रीच्या दुकानात गिऱ्हाईक ब्युइक मागत असे. कारखान्याच्या दफ्तरात त्या मोटारीची नोंद बी अशी होत असे, आणि त्याच बी खाली ओल्ड्समोबिलही येत असे.

या अक्षरांची मातब्बरी समजण्यासाठी त्या काळच्या मोटारीची घडण ध्यानात घ्यावी लागते. यंत्र पुढे, त्यामागे गिअरबॉक्स, तेथून मोटारीच्या पोटाखालून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, त्याच्या टोकाला डिफरन्शियल, आणि डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंनी मागची चाके. म्हणजे शक्तीचा उगम एका टोकाला व व्यय दुसऱ्या टोकाला. अशा रचनेत पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर वाढवावयाचे झाले तर पोलादी चौकटीच्या दोन लांब बाजू आणि तो शाफ्ट लांब केला की बहुतांश काम भागते. यंत्र, गिअरबॉक्स, पुढचे स्टिअरिंग, मागचा आस यांना हात लावण्याची निकड पडत नाही. मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या मोटारीचे जोते असे मुळातच ताणता व आखडता येण्याजोगे होते, आणि म्हणूनच एका अक्षराखाली पाच-सात नावांच्या, दहा-बारा लांबीच्या मोटारी सुखाने राहू शकल्या. पुढे गरज वाढली तशी अक्षरेही वाढली. १९६२ साली एक्स हे अक्षर छोट्या शेव्हीसाठी आले. १९६४ साली ए हे अक्षर मधल्या आकाराच्या नव्या मोटारींना दिले गेले. १९६७ साली एफ या अक्षराखाली कॅमारो व फायरबर्ड या दोन चपळ भगिनी आल्या आणि २००२ पर्यंत त्याच अक्षरात राहिल्या. १९७१ साली एच, १९७६ साली टी. कॉर्व्हेट ही दोन आसनी मोटार वाय या अक्षराची एकटी वारसदार होऊन बसली. बी या अक्षराचा वंश तर १९९६ पर्यंत अखंड चालला.

जनरल मोटर्सचे नाव येथे घेतले ते केवळ दृष्टांतासाठी नव्हे. मुंबईत शिवडी येथे या कंपनीने १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला, आणि परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या आणून शेव्हरोले मोटारी व मालमोटारी येथे जोडण्यास आरंभ केला. त्याच्या दोन वर्षे आधी फोर्डनेही मुंबईत आपले ठाणे मांडले होते. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून पुढे जी मोटारवाहतूक वाढली, तीत शिवडीहून निघालेल्या शेव्हरोले गाड्यांचा वाटा मोठा होता, आणि त्याच घराण्याच्या इंग्रजी शाखेची बेडफर्ड ही १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर यांच्या दरम्यान धावलेली मुंबई राज्याची पहिली एस. टी. गाडी होती. परंतु शिवडीच्या कारखान्याला ए कोणते व बी कोणते हे ठरविण्याचा कसलाही अधिकार नव्हता. पेटी उघडावी, यादीप्रमाणे भाग मोजून घ्यावे, सांगितल्या क्रमाने जोडावे, रंग द्यावा आणि गाडी बाहेर काढावी, एवढीच त्याची सनद. अक्षरे डेट्रॉइटच्या दफ्तरात राहिली.

वालचंदशेठांना नेमके हेच खुपत होते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याची सविस्तर योजना तिसाव्या दशकाच्या मध्यास मांडली होती, आणि मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना तिच्याविषयी विचारविनिमयही झाला होता. त्या योजनेची धुरा आपल्या खांद्यावर घेऊन वालचंदशेठ अमेरिकेस गेले. फोर्डकडे त्यांची डाळ शिजली नाही. क्रायस्लर कंपनीने मात्र १९४० साली सहकार्याचा करार मान्य केला. युद्ध पेटलेले होते, हिंदुस्थान सरकारला हजारो मालमोटारींची निकड होती, आणि तरीही या कारखान्यापासून युद्धकार्यास तातडीची मदत होणार नाही असे कारण पुढे करून सरकारने योजनेला पाठबळ नाकारले. ज्या राजवटीला बाहेरून मोटारी आणून विकणे हा आपला हक्क वाटत होता, तिच्याकडून मंजुरीची अपेक्षा धरणेच कठीण होते. परंतु वालचंदशेठांनी तिच्यावाचून अडून बसण्याचे नाकारले. याच अमेरिकावारीत विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमानव्यवसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि तीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहभागाने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली, ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. मोटारीने वाट पाहायला लावली, तेवढ्यात विमान उडाले. प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड या नावाने कंपनीची नोंदणी झाली ती १९४४ साली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली ती १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी.

क्रायस्लर ही कंपनी वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२५ साली स्थापिली, आणि १९२८ या एका वर्षात डॉज बंधूंचा कारखाना विकत घेऊन व प्लिमथ आणि डी सोटो ही दोन नवी नावे बाजारात आणून तिने जनरल मोटर्सच्या पंचायतनाला आपल्या चौकडीने उत्तर दिले. तिचे वर्गीकरण त्या काळी जनरल मोटर्सच्या उलट दिशेने जाई. जनरल मोटर्सचे अक्षर घराण्याचे नाव पुसून टाकी. क्रायस्लरचे अक्षर घराण्याचे नाव पुढे ठेवी. प्लिमथला पी, डॉजला डी, डी सोटोला एस आणि खुद्द क्रायस्लरला सी, व त्यापुढे अनुक्रमाचा आकडा. युद्धोत्तर पहिल्या मोटारींपैकी प्लिमथ पी-१५ या सांकेतिक नावाची, डॉज डी-२४ ची, डी सोटो एस-११ ची. पी-१५ च्या दोन आसांमधील अंतर ११७ इंच, डी-२४ चे ११९.५ इंच, आणि एस-११ चे १२१.५ इंच, यंत्रे तिघांची सहा सिलिंडरांची, एकाच ठेवणीची, परंतु घनफळाने क्रमाने वाढती, अनुक्रमे २१७.८, २३०.२ आणि २३६.७ घन इंच. वरवर पाहता या तीन स्वतंत्र वस्तू. बारकाईने पाहता एकाच आराखड्याची तीन मापे. जे जनरल मोटर्सने उघड एका अक्षराखाली आणले, तेच क्रायस्लरने तीन अक्षरांआड ठेवले होते. साठच्या दशकात क्रायस्लरनेही आपली पद्धत बदलली, चौकट व अंग एकजीव करणाऱ्या नव्या बांधणीच्या मोटारींना ए, बी, सी, ई अशी अक्षरे दिली आणि पुढे एफ, जे, एम, आर ही भर घातली. परंतु कुर्ल्याचा संबंध आला तो त्या आधीच्या पिढीशी.

आणि कुर्ल्यापर्यंत येता येता हे तीन मापांचे अंतरही राहिले नाही. परदेशी बाजारासाठी क्रायस्लर प्लिमथच्याच देहाला डॉजचे व डी सोटोचे तोंड लावून मोटारी पाठवीत असे. त्यांपैकी डॉजच्या वेशातल्या मोटारीला किंग्जवे आणि डी सोटोच्या वेशातल्या मोटारीला डिप्लोमॅट असे नाव होते. प्रीमियरने ज्या अमेरिकन मोटारी बांधल्या त्या अशा कुळातल्या होत्या. रस्त्यावरच्या माणसाला प्लिमथ, डॉज व डी सोटो अशा तीन मोटारी दिसत; तिन्हींची जाळी निराळी, बिल्ला निराळा, मागच्या बाजूची चमकपट्टी निराळी; आणि खाली एकच जोते. मालमोटारींचीही तीच गत होती. डॉज, फार्गो आणि डी सोटो या तीन नावांनी विकली जाणारी मालमोटार मूळची एकच, आणि ज्वारीची पोती, कापसाचे गाठोडे, कांदा व ऊस वाहून नेणाऱ्या फार्गोचे नाव पुढे कित्येक वर्षे आपल्याकडच्या वाहतूकदारांच्या तोंडी राहिले.

या तीन नावांच्या रीतीत कोणी फसवणूक पाहील तर ते मला मान्य नाही. ज्या कारखान्याजवळ आरंभी दाबयंत्रे कमी, कुशल कारागीर मोजके आणि परकीय चलन तुटपुंजे, त्याला एका जोत्यावर तीन दुकानदारांचे समाधान करता येणे ही मोठीच सोय होती. एका गाडीचा निकामी भाग दुसरीच्या भागाने बदलता येत असे, आणि दुरुस्तीचे ज्ञान एकदा हाती आले की ते तिन्ही नावांना पुरे. कुर्ल्याच्या कामगारांना यातून एक गोष्ट मिळाली जी शिवडीच्या कामगारांना मिळाली नव्हती, ती म्हणजे मालकाची इच्छा. आज पेटीतून येणारा भाग उद्या येथे घडवावयाचा आहे ही इच्छा कंपनीच्या स्थापनेतच होती. जोते परक्याचे असले तरी त्यावरची एकेक वीट आपली करीत जावी, असा हा मार्ग होता.

सरकारच्या हुकमाने हाच मार्ग साऱ्या देशाचा झाला. १९५३ साली टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाची चौकशी करून अहवाल दिला, आणि ज्यांच्यापाशी भाग येथेच घडविण्याचा क्रमवार कार्यक्रम आहे त्यांनीच या धंद्यात राहावे असे धोरण सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद केला, फोर्डनेही आपले ठाणे उठविले. प्रीमियर राहिली, उत्तरपाऱ्याची हिंदुस्थान मोटर्स राहिली, मद्रासची स्टँडर्ड राहिली. मात्र प्रीमियरचा हा विजय पाहावयास तिचे संस्थापक उरले नव्हते. वालचंदशेठांचे ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे देहावसान झाले होते. ज्याने वर्षानुवर्षे सरकारी दाराशी या धंद्यासाठी झगडा केला, त्याच्या धोरणावर सरकारने शिक्का उठविला तो त्याच्या मृत्यूनंतर, याची हळहळ वाटल्यावाचून राहात नाही.

परंतु धोरण अनुकूल झाले तरी अमेरिकन जोते या देशाला पेलणारे नव्हते. सहा सिलिंडरांची, दहा फुटांच्या आसांतराची ही मोटार पेट्रोल पिणारी, किमतीने भारी आणि गिऱ्हाइकांच्या संख्येने तोकडी. थोड्या गाड्यांसाठी महागडे साचे पाडावेत तर गाडी आणखी महाग होणार. प्रीमियरने १९५०-५१ च्या सुमारास इटलीतील तोरिनोच्या फियाट कंपनीशी करार केला होता, चिमुकली फियाट ५०० कुर्ल्यात बांधून पाहिली होती, आणि १९५४ पासून फियाट ११०० हाती घेतली. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन मोटारी मागे पडल्या आणि इटालियन मोटार पुढे आली. फियाटचे वर्गीकरण अक्षरांचे नव्हते, आकड्यांचे होते. कारखान्याच्या दफ्तरात या गाडीचा क्रमांक १०३ असा होता, आणि बाजारातले ११०० हे नाव तिच्या यंत्राच्या घनफळावरून, म्हणजे १०८९ घन सेंटिमीटरवरून पडलेले. घडणीचा मूळ क्रम तोच होता: यंत्र पुढे, शाफ्ट पोटाखालून, ओढ मागच्या चाकांना. अंग मात्र स्वतंत्र चौकटीवर बसविलेले नव्हते, चौकट व अंग एकच होते. आणि त्यामुळे आपल्या कारागिरांना एक नवी व अवघड विद्या शिकावी लागली, कारण अशा गाडीत पत्र्याचा प्रत्येक वाक भार वाहतो आणि पत्रा दाबण्याचा साचा चुकला तर सारी मोटारच चुकते.

प्रीमियरच्या कामगिरीचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा आहे. सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि १९६४ पासून डिलाइट अशा नावांनी ही गाडी नव्या नव्या रूपात येत राहिली आणि दरम्यान तिच्यातील स्वदेशी भागांचे प्रमाण चढत गेले. कमानी, रेडिएटर, बॅटऱ्या, दिवे, काचा, रबराचे भाग, बेअरिंगे हे सारे पुरविणारे छोटे-मोठे कारखाने मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात उभे राहिले, आणि त्यांना मापाची शिस्त शिकविली ती कुर्ल्याच्या नापास झालेल्या मालाने. इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब चुकल्याबद्दल परत आलेली गोणी ही त्या पुरवठादारांची खरी शाळा होती. महाराष्ट्र पुढे यंत्रोद्योगात अग्रेसर ठरला, त्याचे श्रेय देताना आपण पुष्कळदा नंतर आलेल्या मोठ्या नावांकडे पाहतो. परंतु हा पाया पन्नास-साठच्या दशकांत कुर्ल्याच्या आवारात घातला गेला, असे माझे ठाम मत आहे.

फियाटशी असलेला परवान्याचा करार संपला तेव्हा गाडीवरचे इटालियन नाव गेले. आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी असे तिचे नामकरण झाले. चितोडच्या राणीचे नाव हिंदुस्थानी मोटारीला मिळाले, आणि साचे, रेखाचित्रे, यंत्र व अंग हे सारे आता कंपनीच्या ताब्यात होते. जे शिवडीला कधी मिळाले नाही ते कुर्ल्याला येथे मिळाले: जोते तिचे झाले. परंतु ते झाले तेव्हा ते वीस वर्षांचे जुने होते. त्याला स्पर्धा नव्हती, मागणी पुरवठ्याहून कितीतरी अधिक होती, गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबणारी माणसे होती, आणि भाव व उत्पादन यांवर सरकारी नियंत्रण होते. अशा स्थितीत नवे जोते आखण्याची निकड कंपनीला भासली नाही, आणि भासली असती तरी परवानगी मिळाली असती असेही नाही. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील तंटेही याच काळात तीव्र झाले. १९७५ साली या कंपनीच्या एका खटल्यात औद्योगिक तंट्यांच्या बाबतीत दिवाणी न्यायालयांचा अधिकार कोठवर चालतो याविषयी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. आणि दशकाच्या अखेरीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली येथील कामगारांनी मिळविलेल्या पगारवाढीने मुंबईच्या कामगार चळवळीचे वळणच बदलले.

तिकडे अमेरिकेत अक्षरांचा संसारच उलटा झाला होता. तेलाच्या टंचाईनंतर यंत्र पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना अशी आटोपशीर मोटार तेथील कंपन्यांनी स्वीकारली, आणि जनरल मोटर्सने जुनी अक्षरे नव्या मोटारींना वाटण्यास सुरुवात केली. एक्स हे अक्षर १९८० साली पुढच्या चाकांच्या मोटारीकडे गेले. १९८२ साली ए हे मानाचे अक्षरही गेले, आणि मागच्या चाकांची जी मोटार आजवर ए म्हणून नोंदली जात होती तिला जी हे अक्षर देऊन एका पायरीने बाजूला केले गेले. १९८५ साली सी चेही तसेच झाले. क्रायस्लरने १९८१ साली के या पुढच्या ओढीच्या जोत्यावर आपली बुडती नाव तारली, आणि तिचे मागच्या ओढीचे शेवटचे जुने अक्षर एम हे १९८९ साली संपले. मागच्या चाकांची मोटार पुढे तेथे परतली ती सिग्मा, झीटा, अल्फा अशा ग्रीक अक्षरांखाली, महागड्या व चपळ गाड्यांपुरती.

आपल्याकडे हाच बदल मारुती ८०० च्या रूपाने डिसेंबर १९८३ मध्ये आला. प्रीमियरने १९८५ साली त्याला उत्तर दिले ते ११८-एनई या मोटारीने: अंग फियाट १२४ चे, म्हणजे १९६६ सालच्या जोत्याचे, आणि यंत्र जपानच्या निस्सानचे, ओढ मागच्याच चाकांना. कलकत्त्याच्या हिंदुस्थान मोटर्सने त्याच सुमारास काँटेसा काढली, ती जनरल मोटर्सच्या इंग्रजी शाखेच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर आधारलेली होती. त्या व्हिक्टरचा तळ जर्मनीतील ओपेल रेकॉर्डशी एक होता, आणि रेकॉर्डचे अक्षर होते व्ही. म्हणजे १९५४ साली या देशातून निघून गेलेल्या कंपनीचे एक अक्षर तीस वर्षांनी दुसऱ्याच्या नावाने येथे आले आणि २००२ पर्यंत नांदले. दोन्ही गाड्या ऐसपैस होत्या, दणकट होत्या, आणि दोन्ही परदेशात कालबाह्य ठरलेल्या जोत्यांवर होत्या. जे अधिकार मिळविण्यासाठी प्रीमियरने पंचवीस वर्षे घालविली, ते वापरावयाची वेळ आली तेव्हा कंपनीने पुन्हा दुसऱ्याच्या दफ्तरातून जुने जोते उसने आणले, ही माझ्या मते तिच्या इतिहासातील खरी चूक होय. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोशी झालेली भागीदारी व कल्याणचा कारखाना, त्यानंतर कुर्ल्याच्या आवारात फियाटचे पुनरागमन, हे प्रसंग थोडक्यात संपले आणि येथे त्यांचा विस्तार करण्याचे कारण नाही. पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मात्र ती आणखी दोन दशके चालली; २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून हटविण्यात आली. कुर्ल्याच्या त्या भूमीवर आज निवासी व व्यापारी इमारती उभ्या आहेत.

सोलापुरात वालचंदशेठांच्या घराण्याच्या नावाने उभ्या असलेल्या संस्थांपैकी वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही १९८३ साली श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने स्थापिली, आणि ती पाठशाळा स्वतः १८८५ सालापासून विद्यादान करीत आलेली आहे. मोटारीचा कारखाना नाहीसा झाला असला तरी त्याच्या कागदांना अशा संस्थेत अजून जागा मिळू शकते. प्लिमथ, डॉज व डी सोटोच्या भागसूच्या, फार्गोच्या दुरुस्तीच्या पुस्तिका, फियाट ११०० ची कारखान्यातील रेखाचित्रे, पद्मिनीच्या पुरवठादारांना दिलेली मापपत्रके, हे सारे कागद जुन्या गॅरेजांतून, भागविक्रेत्यांच्या माळ्यांवरून आणि निवृत्त कामगारांच्या पेट्यांतून विखुरलेले आहेत. ते मागवून, त्यांची बारनिशी करून, कोणती गाडी कोणत्या जोत्यावर होती आणि कोणता भाग कोणत्या साली येथे घडू लागला याची एक तपशीलवार वही सोलापुरातच तयार व्हावी, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या तळचौकटीची रेखाचित्रे त्याच कपाटात शेजारी ठेवली जावीत, अशी या स्मरणिकेच्या संपादकांना व संस्थेच्या चालकांना माझी आग्रहाची विनंती आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते मूळ स्वरूपात देणे शक्य नसल्यास नक्कल करून घेण्यास तरी द्यावेत.